‘इंजिनिअर करून जुनीच भांडी घासायला लावली’

प्रश्न : आम्ही बडोद्याच्या दांडिया बाजारात राहतो. मुलगी एम. एस. युनिव्हर्सिटीतून कॉम्प्युटर इंजिनिअर झाली आणि जुलैपासून मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका ऑटोमेशन कंपनीत आहे. तिथे तिला व्हिज्युअल सी++ ६ या प्रोग्राम लिहायच्या जुन्या साधनातला नेटवर्कचा कोड त्याच्या नव्या अवतारावर, व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ वर, आणायचं काम दिलं आहे. वर्गातल्या मैत्रिणी पुण्या-बंगळूरला एआयवर काम करतात. तिचे काका म्हणतात, ‘इंजिनिअर करून जुनीच भांडी घासायला लावली.’ शिवाय हे काम आता एआयच करतो असंही ऐकते. दोन वर्षांचा बॉण्ड आहे. पैसे भरून तिला बाहेर काढावं का? — एक आई

ताई, नमस्कार.

पैसे आत्ता भरू नका. तुमचं पत्र दोनदा वाचलं. काका काय म्हणतात ते त्यात आहे, मैत्रिणी काय करतात ते आहे, पण तुमच्या लेकीला स्वतःला ते काम कसं वाटतं, याबद्दल एक ओळ नाही. ते आधी तिला विचारा. उत्तर ‘कंटाळा येतो’ असं आलं, तर कशाचा येतो तेही विचारा. कामाचा की ऑफिसातल्या माणसांचा, यावर पुढचं बरंच ठरेल.

माझी नोकरीची पहिली वर्षं याच पट्ट्यात गेली, म्हणून हे काम मुळात कुठून येतं ते सांगतो. कोयली, नंदेसरी, सावली, हालोल, खाली दहेजपर्यंत आपल्याकडे कारखानेच कारखाने. तिथलं यंत्र वीस-पंचवीस वर्षं चालतं आणि त्याच्याशी बोलणारं सॉफ्टवेअरही तेवढंच जुनं असतं. व्हिज्युअल सी++ ६ आलं १९९८ मध्ये. त्यात लिहिलेलं काही चालू आहे, तर त्याला हात कोण लावणार? विंडोज एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, तरी कंट्रोल रूमच्या कोपऱ्यातला पीसी चालूच राहिला. मग एक दिवस मदरबोर्ड जातो आणि बाजारात तसा मिळत नाही, किंवा सायबर सुरक्षेचं ऑडिट येतं. त्यानंतर सुरू होते धावपळ. तुमच्या लेकीच्या टेबलावर आलं आहे ते या धावपळीतलंच काम.

या कामाचा एक भाग खरोखर हमालीचा आहे, ते कबूल. कोड नव्या कंपायलरवर, म्हणजे कोडचा चालता प्रोग्राम बनवणाऱ्या साधनावर, टाकला की पहिल्याच दिवशी एररचा पाऊस पडतो. जुन्या कोडला लागणारी आयओस्ट्रीम डॉट एच नावाची तयार फाइल आता मिळतच नाही. फॉर लूपमध्ये जाहीर केलेला व्हेरिएबल लूपच्या बाहेर वापरलेला असतो, तो जुना कंपायलर चालवून घ्यायचा, नवा घेत नाही. नावावरून कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा पत्ता शोधणारं गेटहोस्टबायनेम वापरलंत तर ‘हे जुनं झालं, गेटअ‍ॅड्रइन्फो वापरा’ असं तो सांगतो, कारण पहिल्याला आयपीव्ही६ या नव्या पद्धतीचे पत्ते कळत नाहीत. एवढं सगळं एआयच्या मदतीनं पटापट होतं, आणि तसंच करावं. त्यात हात दुखवून घेण्यात काही शहाणपण नाही.

खरं काम त्यानंतर सुरू होतं. एक नमुना दाखवतो.

समजा गेटवरच्या वजनकाट्याचा पीसी ऑफिसच्या सर्व्हरला प्रत्येक ट्रकचं एक रेकॉर्ड पाठवतो. ट्रकच्या नंबरला १६ बाइट, वेळेला ४, वजनाला ४, एकूण २४. जुन्या प्रोग्रामरनं हे सगळं एका स्ट्रक्टमध्ये, म्हणजे कप्पे पाडलेल्या एका डब्यात, भरलं आणि जसंच्या तसं सॉकेटवर, म्हणजे नेटवर्कच्या जोडणीवर, ढकललं. वेळेसाठी त्यानं टाइम_टी हा तयार प्रकार वापरला. व्हीसी ६ मध्ये तो ४ बाइटचा होता. व्हिज्युअल स्टुडिओ २००५ पासून तो, वेगळं काही सांगितलं नाही तर, ८ बाइटचा धरला जातो. आता सर्व्हरचा कोड नव्यावर आला, काट्यावरचा पीसी मात्र अजून जुनाच आहे. नव्या हिशेबात तेच स्ट्रक्ट ३२ बाइटचं होतं, कारण वेळेचे ४ वाढले आणि शेवटी ४ बाइटची भर कंपायलरनं स्वतःहून टाकली. एरर शून्य, स्ट्रक्टबद्दल इशाराही नाही. सर्व्हर ३२ बाइट जमेपर्यंत थांबतो, म्हणजे पुढच्या ट्रकच्या रेकॉर्डमधले पहिले ८ बाइटही गिळतो. वेळ आणि खरं वजन मिळून त्याला ‘वेळ’ वाटते, आणि वजनाच्या जागी त्याला सापडतात पुढच्या ट्रकच्या नंबरातली पहिली चार अक्षरं. आपल्या बडोद्याची गाडी असेल तर जीजे०६. ती चार अक्षरं आकडा म्हणून वाचली की स्क्रीनवर वजन येतं ९०,९१,३४,४०७ किलो.

नव्वद कोटी किलोचा ट्रक आला तर निदान कुणीतरी ओरडेल. चूक जास्त वेळा याहून बारीक असते आणि महिनाअखेरीस हिशेब जुळेना झाला की उघडी पडते.

एआयला कोडची फाइल दिली तर टाइम_टीबद्दल तो कदाचित सावध करेलही. पण गेटवरचा पीसी अजून बदललेला नाही, हे त्या फाइलमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं. ते गेटवर जाऊनच कळतं. तसंच आणखी एक. टीसीपीवर, म्हणजे नेटवर्कवर माहिती पाठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, एकदा पाठवलेलं समोर एकाच घासात पूर्ण मिळेल, अशी हमी कधीच नव्हती. तिचे नियम सांगणाऱ्या १९८१ च्या आरएफसी ७९३ या दस्तऐवजात नव्हती आणि तिची जागा घेणाऱ्या २०२२ च्या आरएफसी ९२९३ मध्येही नाही. जुन्या कोडमध्ये मात्र ती सर्रास गृहीत धरलेली असते. एका छोट्या लॅनवर, म्हणजे एकाच आवारातल्या नेटवर्कवर, ते वर्षानुवर्षं खपून जातं. तोच कोड व्हीपीएनवरून दुसऱ्या शहरातल्या सर्व्हरशी बोलायला लागला की रेकॉर्डचे तुकडे पडू लागतात. हे ज्या मुलीनं आपल्या हातानं शोधलं, तिला नेटवर्क प्रोग्रामिंग वेगळं शिकवावं लागत नाही.

म्हणून निर्णय कोड जुना की नवा यावर घेऊ नका. कंपनी तिला कुठपर्यंत जाऊ देते, ते बघा. एखाद्या रविवारी निवांत विचारा : जुना आणि नवा प्रोग्राम शेजारी शेजारी चालवून दोघांचं बोलणं वायरशार्कमध्ये, म्हणजे नेटवर्कवरची ये-जा दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, ताडून बघतात का? (हे वायरशार्कही १९९८ चंच, तेव्हा त्याचं नाव इथिरिअल होतं.) कोड गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात, आहे का, की ‘फायनल_नवीन_२’ अशा फोल्डरांत? मूळ कोड लिहिणारे कुणी कंपनीत आहेत का, आणि त्यांच्याशी बोलायला मिळतं का? साइटवर नेतात का? यातल्या बहुतेकांना ‘हो’ आलं तर तिला तिथेच राहू द्या, काका काहीही म्हणोत.

उलट, सगळा भर फक्त बिल्ड पास होण्यावर, म्हणजे एररशिवाय प्रोग्राम तयार होण्यावर, असेल, इशारे दिसू नयेत म्हणून कोडमध्ये डिफाइनची एक ओळ टाकून ते बंद करत असतील, आणि ‘चालतंय ना, मग सोड’ असं सांगत असतील, तर दोन वर्षांनी तिच्या हाती फारसं काही उरणार नाही. अशा ठिकाणी आणखी एक धोका असतो. जुनं कळणारी ती एकटीच उरते, मग नव्या प्रोजेक्टवर तिला कुणी घेत नाही आणि रजाही धड मिळत नाही. तसं दिसलं तर तिनं आत्ताच साहेबांकडे पुढच्या टप्प्यातलं काम मागावं. मायग्रेशननंतर, म्हणजे कोड नव्यावर आणून झाल्यावर, बहुतेक ठिकाणी काही भाग डॉटनेटवर किंवा लिनक्सवर न्यायचा असतोच. ६४-बिट लिनक्सवर गेल्यावर लाँग हा आकड्यांचा प्रकार ४ ऐवजी ८ बाइटचा होतो आणि वरचीच गोष्ट नव्यानं घडते, पण तोवर ती तयार झालेली असेल. सहा महिन्यांत काहीच हललं नाही, तर बॉण्डचा कागद वकिलाला दाखवा. ट्रेनिंगचा खर्च म्हणून त्यात नेमकं काय धरलं आहे ते बघून मग ठरवू.

मैत्रिणींचं म्हणाल, तर ‘एआयवर काम’ म्हणजे नेमकं काय, तेही विचारून घ्या. एखादी खरंच मॉडेलवर काम करत असेल, तिचं कौतुकच. एखादी दुसऱ्याच्या तयार एआय सेवेला (एपीआयला) फक्त स्क्रीन जोडत असेल. तेही काम वाईट नाही, फक्त त्यावरून आपल्या मुलीला कमी लेखू नये. आणि काकांना आठवण करून द्या की सयाजीराव महाराजांच्या काळात १८९० मध्ये कलाभवन निघालं, तिथे रंगाई आणि विणकाम शिकवायचे. तुमची लेक शिकली ती टेक्नॉलॉजी फॅकल्टी त्यातूनच उभी राहिली.

शेवटी रेझ्युमेचं. त्यात ती आत्ता ‘लेगसी कोड मायग्रेशन’ एवढंच लिहीत असणार. त्यावरून कुणाला काही कळत नाही. यंत्र कोणतं, प्रोटोकॉल कोणता, चालू कारखाना किती वेळ बंद ठेवून बदल केला, आणि नवीन मशीनवर दिसलेली एक तरी चूक तिनं कशी शोधली, हे दोन ओळींत लिहायला सांगा. टेलिकॉम, बँकांची पेमेंट सिस्टिम, कारखान्यांच्या नेटवर्कची सुरक्षा अशा ठिकाणी इंटरव्ह्यू घेणारा पहिला प्रश्न त्या दोन ओळींवरच विचारेल.