मॉस, मर्केंशिया, नेचे यांसारख्या प्राचीन वंशांच्या वनस्पती संप्रेरके कशी तयार करतात आणि ती कोठे साठवतात?

अकरावी-बारावीच्या पुस्तकांत ऑक्झिन आणि जिबरेलिन या वाढीचे नियंत्रण करणाऱ्या संप्रेरकांची ओळख मका, भात, ओट अशा फुलझाडांवरूनच करून दिलेली असते, मग ज्यांना फूलही नाही आणि बीही नाही अशा वनस्पतींत ही द्रव्ये कोणत्या अवयवात तयार होतात आणि कोणत्या अवयवात साठतात, असे तुम्ही विचारले आहे. मी बरीच वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवत आलो आहे आणि हा प्रश्न माझ्या विशेष आवडीचा आहे. प्रथम 'अवयव' या शब्दाबद्दल लिहितो. आपल्या शरीरात थायरॉइडसारखी ग्रंथी असते, तशी संप्रेरक तयार करून साठवणारी ग्रंथी कोणत्याही वनस्पतीत नसते. वाढत्या टोकांकडच्या पेशींत निर्मिती अधिक होते एवढेच. साठवण ही मुख्यतः रासायनिक असते: संप्रेरकाच्या रेणूला साखर किंवा अमिनो आम्ल जोडले की तो निष्क्रिय होतो, आणि ती जोडणी तोडली की पुन्हा कामाला येतो. मक्याच्या दाण्यातले बहुतेक ऑक्झिन अशाच बांधलेल्या रूपात असते आणि अंकुर फुटताना मोकळे होते.

आणखी एक खुलासा करणे मला आवश्यक वाटते. आजची मर्केंशिया, म्हणजे ओल्या दगडावर पसरणारी चपटी हिरवी वनस्पती, ही फुलझाडांची आजी नव्हे. तिचा वंश फुलझाडांच्या वंशापासून 40 कोटी वर्षांहूनही आधी वेगळा झाला आणि तेव्हापासून दोन्ही वंश आपापल्या वाटेने बदलत आले. म्हणून जी गोष्ट दोघांत सारखी आढळते ती बहुधा त्यांच्या समान पूर्वजाकडून आलेली असते. जी वेगळी आढळते ती जुनीच असेल असे मात्र लगेच म्हणता येत नाही.

ऑक्झिनच्या निर्मितीत हे सारखेपण ठळकपणे दिसते. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून इंडोल पायरुविक आम्ल आणि त्यापासून इंडोल ॲसेटिक आम्ल, म्हणजेच ऑक्झिन, हा दोन पायऱ्यांचा मार्ग फुलझाडांप्रमाणेच मर्केंशियातही आहे. फरक यंत्रणेच्या आटोपशीरपणात आहे. मर्केंशियाचा जनुकसंच 2017 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ऑक्झिनला दाद देणारी यंत्रणा रोखून धरणाऱ्या प्रथिनाचे तिच्यात एकच जनुक आढळले. प्रयोगशाळांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या ॲराबिडॉप्सिस या फुलझाडात अशी 29 जनुके आहेत. ऑक्झिन निर्मितीचे जनुक निकामी केलेल्या मर्केंशियाला तिचा चपटा, द्विभागी फांद्यांचा आकारच घेता येत नाही आणि पेशींचा एक अव्यवस्थित गोळा तेवढा वाढतो.

हे काम प्रत्यक्ष कसे दिसते ते मी नैनीतालच्या अभ्यास सहलीत विद्यार्थ्यांना दाखवले होते. ओल्या दगडाला चिकटलेल्या मर्केंशियाच्या पाठीवर काही मिलिमीटर रुंदीच्या, दातेरी कडांच्या वाट्या असतात आणि प्रत्येक वाटीत हिरव्या चकत्यांसारख्या कळिका दाटीने बसलेल्या असतात. भिंगातून पाहिल्यास प्रत्येक कळिकेला समोरासमोर दोन खाचा दिसतात. नवी वाढ तिथूनच व्हायची असते. वाटीत ओल असते, तरीही कळिका वाटीत असेपर्यंत तिथे रुजत नाही. पावसाच्या थेंबाने ती बाहेर उडाली की मात्र लगेच वाढू लागते. वाटीतली ही सुप्तावस्था टिकवण्यात ऑक्झिनचा आणि ॲब्सिसिक आम्ल या दुसऱ्या संप्रेरकाचा हात असतो.

साठवणुकीच्या बाबतीत वंशावंशांतला फरक अधिक बोलका आहे. 1990च्या दशकात अमेरिकी संशोधकांनी शैवाले, मर्केंशियाच्या गटातील वनस्पती, मॉस, नेचे आणि बियांच्या वनस्पतींना किरणोत्सारी कार्बनची खूण असलेले ऑक्झिन देऊन त्याचे पुढे काय होते ते तपासले. बीजधारी वनस्पतींनी ते भराभर अमिनो आम्लांशी आणि साखरेशी बांधून टाकले. मॉसमध्येही ही बांधणी आढळली, पण ती संथ होती. मर्केंशियाच्या गटात मात्र साठा करण्यापेक्षा गरजेपुरते तयार करणे आणि जास्तीचे मोडून टाकणे यांवरच मुख्य भिस्त दिसली. ज्या घरात कणगी नाही तिथे रोजचे दळण रोज होते, तसा हा प्रकार आहे.

मला स्वतःला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे: फुलझाडे ज्या रेणूला कच्चा माल म्हणून वापरतात, तोच रेणू या वंशांत कित्येकदा पुरा झालेला निरोप असतो. अळीने पान कुरतडले की फुलझाडे हरितलवकातल्या मेदाम्लापासून ओपीडीए नावाचा रेणू बनवतात, त्यावर आणखी प्रक्रिया करून जास्मोनिक आम्ल हे संप्रेरक मिळवतात, आणि त्याला आयसोल्यूसिन हे अमिनो आम्ल जोडल्यावर कुठे ग्राही प्रथिन, म्हणजे संप्रेरकाचा निरोप घेणारे प्रथिन, ते ओळखते. मर्केंशिया हे शेवटचे रूप बनवतच नाही. तिचे ग्राही प्रथिन ओपीडीएचाच, दोन कार्बन कमी असलेला भाऊबंद थेट ओळखते. हे 2018 मध्ये सिद्ध झाले, आणि दोन्हीकडच्या ग्राहींच्या पसंतीतला हा फरक प्रामुख्याने एका अमिनो आम्लाच्या बदलाने पडतो हेही त्याच कामातून कळले.

जिबरेलिनचेही तसेच आहे. नाशिक-सांगलीकडचे द्राक्ष बागायतदार ज्या 'जीए'च्या द्रावणात घड बुडवतात ते बुरशीपासून मिळवलेले जिबरेलिन असते. फिस्कोमिट्रियम या मॉसमध्ये जिबरेलिन तयार करणारी साखळी कौरेनॉइक आम्ल या मधल्या टप्प्यापाशीच थांबते. तरीही त्या आम्लापासून मिळणारी द्रव्ये मॉसच्या तंतूंच्या वाढीला दिशा देतात.

नेच्यांत ही साखळी पूर्ण होते, पण लायगोडियम या वेलीसारख्या नेच्यात ती दोन रोपांत वाटलेली आहे. त्याच्या बीजाणूपासून प्रथम नखाएवढाही नसलेला एक हिरवा पापुद्रा उगवतो. जे पापुद्रे आधी परिपक्व होतात ते जिबरेलिनाच्या अलीकडच्या टप्प्याला मिथाइल गट जोडून ते द्रव्य बाहेर सोडतात. त्या गटामुळे शेजारचे कोवळे पापुद्रे ते सहज शोषून घेतात, मग तो गट काढून टाकतात, शेवटची पायरी स्वतः पूर्ण करतात आणि नर अवयव धारण करतात. म्हणजे निर्मितीचा पूर्वार्ध एका रोपात आणि उत्तरार्ध दुसऱ्यात होतो, आणि मधल्या काळात ते द्रव्य दोघांच्याही शरीराबाहेर, ओल्या मातीत असते. आधी परिपक्व झालेल्या पापुद्र्यावरच्या अंडपेशीला शेजारच्या रोपाची शुक्रपेशी मिळण्याची शक्यता यामुळे वाढते.