अहवालाची वाट पाहायची की दावा लावायचा?

प्रश्न: माझा थोरला भाऊ 12 जून 2025 ला अहमदाबादहून लंडनला निघालेल्या आणि कोसळलेल्या विमानात होता. आम्ही लालबागचे. प्राथमिक अहवाल वाचून आईचा चौकशीवरचा विश्वासच उडाला. 'सरकारच सरकारची चौकशी करतंय,' असं ती म्हणते. अंतिम अहवाल येईपर्यंत भरपाईच्या कागदाला हात लावायचा नाही, पैसे घेतले की आपलं तोंड बंद, यावर ती ठाम आहे. वहिनीला मुलांच्या फीची काळजी. कोणाचं ऐकू?

उत्तर: ताई, शंका घेण्यात आईंचं काही चुकत नाही. तपास करणारा ब्यूरो आणि विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणारं डीजीसीए, दोन्ही एकाच मंत्रालयाच्या हाताखाली आहेत. 12 जुलैच्या प्राथमिक अहवालात इंधनाचे दोन्ही स्विच सेकंदाच्या अंतराने बंद झाल्याचं आहे. 'तू का बंद केलंस?' असं एक वैमानिक विचारतो, 'मी नाही केलं,' असं दुसरा सांगतो, हेही आहे. पण कोण काय बोललं ते नाही आणि पूर्ण संभाषणही नाही. एवढ्यावरून लोकलच्या डब्यात निकाल लागले! स्वतंत्र चौकशीच्या मागणीवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राला नोटीसही काढली.

चूक आहे ती भरपाई अहवालाला बांधण्यात. 2017 चे तपासाचे नियमच सांगतात की हेतू पुढचे अपघात टाळणं हा आहे, दोष किंवा जबाबदारी ठरवणं नव्हे. तुमचा दावा चालतो तो 1972 च्या हवाई वाहतूक कायद्यावर आणि त्याला जोडलेल्या माँट्रियल करारावर (आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातल्या भरपाईचा करार). करारातल्या सध्याच्या मर्यादेपर्यंत, म्हणजे 1,51,880 एसडीआरपर्यंत (नाणेनिधीचं हे हिशेबाचं चलन, रुपयांत पावणेदोन-दोन कोटींच्या घरात), झालेलं नुकसान दाखवलं की पुरे, कंपनीची चूक दाखवावी लागत नाही. त्यावरच्या रकमेसाठी 'आमचा हलगर्जीपणा नव्हता' हे कंपनीने सिद्ध करायचं. स्विच कोणी फिरवला हे शोधून काढणं तुमच्या आईंच्या डोक्यावर नाही.

मुदत मात्र तुमच्या डोक्यावर आहे. दोन वर्षांत दावा लावला नाही तर हक्कच संपतो. 'विलंब माफ करा' या अर्जावर इथे विसंबू नका. 12 जून 2027 ही तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहा आणि माझं ऐकाल तर त्याच्या सहा महिने आधी दावा दाखल करा.

दुसरं, याच कायद्याच्या कलम 5 प्रमाणे एका प्रवाशाच्या मृत्यूबद्दल भारतात एकच दावा चालतो, तो सगळ्या कुटुंबासाठी. सासू-सुनेने दोन वकील करून दोन दिशांना जायचं, हा पर्यायच नाही. आईंना आधी हे सांगा.

तोंड बंद होण्याची भीती म्हणाल, तर कंपनीने दिलेली आगाऊ रक्कम पुढे अंतिम भरपाईतून वळती होते, पण ती घेतल्याने हक्क जात नाही. हक्क जातो तो 'फुल अँड फायनल' लिहिलेल्या पावतीवर सही केली की. असा कागद कोणीही पुढे केला तर घरी आणा, वाचा, मला दाखवा.

आता कागद. बहुतेक घरी असतं तसं, निघताना भावाने फॅमिली ग्रुपवर बोर्डिंग पासचा फोटो टाकला असेल तर तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. असा फोटो पुरावा म्हणून द्यायचा तर कोर्टात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, ते मूळ फोनवरून करणं सोपं. फॉर्म 16 आणि पगाराच्या चिठ्ठ्याही काढून ठेवा. मंगळूरच्या 2010 च्या अपघातातलं एक कुटुंब ग्राहक आयोगातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि मार्च 2020 मध्ये त्यांना सुमारे 7 कोटी 64 लाख मंजूर झाले. शेवटचा वाद विमानावर नव्हताच. पगारातले कुठले भत्ते उत्पन्नात धरायचे यावर होता.

वहिनींना घेऊन ऑफिसला या. येताना भावाचं तिकीट एकेरी होतं की परतीचं, ते बघून या. परतीचं असेल तर कायद्याच्या लेखी त्याचं गंतव्य लंडन नसून जिथून निघाला तेच ठिकाण, आणि दावा कुठल्या देशात लावता येईल हे त्यावरही ठरतं.