सरकारी रस्त्यांची फाइल ओपनस्ट्रीटमॅपवर थेट चढवावी का?

रस्ते खात्याच्या संकेतस्थळावरून सगळ्या रस्त्यांची शेपफाइल (नकाशातल्या रेघा आणि त्यांची माहिती असलेली फाइल) उतरवून घेतली आहे, ती ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर, एकदम चढवली तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. फाइल जरूर वापरा, फक्त एकदम चढवू नका.

आधी परवाना. फाइल उतरवता आली म्हणजे ती वापरायची मुभा मिळाली, असं होत नाही. ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा २०१२ पासून ओडीबीएल (ओपन डेटाबेस लायसन्स) या खुल्या परवान्याखाली आहे. तो कोणीही व्यवसायासाठीसुद्धा वापरू शकतो, त्यामुळे 'केवळ अव्यावसायिक वापरासाठी' असं लिहिलेली फाइल तिथेच बाद. क्रिएटिव्ह कॉमन्सचा सीसी बाय ४.० हा 'श्रेय द्या आणि वापरा' असा परवाना दिसला की बरेच जण निर्धास्त होतात, पण त्यातल्या श्रेयाच्या आणि तांत्रिक कुलुपांच्या (वापर किंवा नक्कल रोखणाऱ्या सोयींच्या) अटी ओडीबीएलशी पुरत्या जुळत नाहीत. तिथे मूळ खात्याकडून लेखी संमती घ्यावीच लागते. दोन ओळींचं ईमेल उत्तरही पुरतं, मात्र ते ओपनस्ट्रीटमॅपच्या विकीवर जपून ठेवा.

पण परवाना अगदी स्वच्छ असला तरी खरं काम पुढेच आहे. अमेरिकेच्या जनगणना खात्याचा 'टायगर' डेटा सार्वजनिक मालकीचा, परवान्याची काही अडचणच नव्हती. २००७-०८ मध्ये तो ओपनस्ट्रीटमॅपमध्ये घेतला आणि देशभराचे रस्ते नकाशावर आले. तो बनवला होता मात्र जनगणनेसाठी. कोणतं घर कोणत्या रस्त्यावर, एवढं कळलं की तिथलं काम भागायचं. त्यामुळे कित्येक रस्ते जागेवरून सरकलेले निघाले आणि घरापुढच्या खासगी वाटा, रानातल्या चाकोऱ्या वस्तीतले रस्ते म्हणून लागल्या. काही ठिकाणी तर पुलावरचा रस्ता खालच्या रस्त्याला जोडला गेला. मार्ग शोधणाऱ्या अॅपला तिथे वळण आहे असंच वाटणार. 'अजून तपासलेलं नाही' अशी खूण त्या रस्त्यांवर तेव्हाच लावली होती. ती खूण असलेले रस्ते आजही सापडतात. चढवायला काही महिने लागले, निस्तरणं अजून चालू आहे.

मी स्वतः एकदा अशाच एका फाइलमधून थोडे रस्ते घेतले होते. वरून सगळं नीट दिसत होतं. पुढे तिथल्या एका सदस्याने नोंद टाकली, 'इथे पूल बांधलेलाच नाही.' मंजूर झालेला रस्ता आणि झालेला रस्ता, दोन्हींची रेघ त्या फाइलमध्ये सारखीच होती. त्या रेघेच्या भरवशावर एखादी रुग्णवाहिका निघाली असती तर, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

म्हणून मी आता फाइल जॉसममध्ये (ओपनस्ट्रीटमॅप संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये) वेगळा थर म्हणून उघडतो, खाली उपग्रहचित्र ठेवतो आणि रस्ते एकेक करून बघतो. सगळी फाइल एका बाजूला सरकलेली दिसली तर बहुधा प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत) चुकलेलं असतं, ते आधी दुरुस्त करा. रस्त्याचं नाव, क्रमांक, दर्जा यांसाठी सरकारी डेटा उत्तम. ही माहिती चित्रातून कधीच मिळत नाही. रेघेचं वळण मात्र चित्रावरूनच काढा, आणि तेही चित्र आपल्याला वापरायला परवानगी असलेलंच हवं. आधीपासून असलेला रस्ता पुसून नवा टाकू नका. कोणीतरी चालत जाऊन त्यावर 'एकेरी', 'कच्चा' असे टॅग लावलेले असतात, ती मेहनत एका क्लिकमध्ये जाते. रस्त्यांची टोकं नुसती टेकलेली दिसून भागत नाही, सामाईक नोड, म्हणजे दोन्ही रेघांचा एकच बिंदू, लागतो. चेंजसेटमध्ये (एका वेळी चढवलेल्या बदलांच्या नोंदीत) स्रोत लिहायला विसरू नका.

एवढं करूनही मोठ्या प्रमाणावरच इम्पोर्ट करायचा असेल तर आधी विकीवर योजना मांडा, त्या भागातल्या सदस्यांशी चर्चा करा आणि त्या कामासाठी ओपनस्ट्रीटमॅपवर वेगळं खातं उघडा. चर्चेत हमखास प्रश्न येईल, की पुढच्या वर्षी रस्ते खात्याने नवी फाइल काढली की फरक कोण जुळवणार? त्याचं उत्तर आधीच ठरवून ठेवा.

तूर्तास फाइलसोबत परवान्याचा जो मजकूर आला असेल तो इथे जसाच्या तसा टाका. संमती मागायची वेळ आली तर पत्राचा मसुदा मी लिहून देतो.