जोडीदार गेल्यावर सात वर्षांचा नर ससा एकटा पडलाय, बेळगावात त्याला सोबत कशी शोधू?

बाजारातलं पिल्लू आणू नका हो, त्याची धावपळ म्हाताऱ्याला सोसवत नाही. तीन-चार वर्षांची शांत मादी बघा. खानापूर, निपाणीकडे कुणाला ससे द्यायचे असतील तर आधी तिथं विचारा. दोघांची नसबंदी झालेली हवी. तुमच्या सशाची झाली नसेल तर या वयात भूल झेपेल का, हे जनावरांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. ऑपरेशननंतरही सहा आठवडे नरापासून पिल्लं होऊ शकतात.

आणल्या दिवशीच एका पिंजऱ्यात अजिबात घालू नका, ससे एकमेकांना रक्तबंबाळ करतात. आधी जाळीआड शेजारी ठेवा, अंथरलेलं गवत अदलाबदल करा. मग दोघांनाही नवख्या खोलीत रोज थोडा वेळ, तुमच्या नजरेसमोर सोडा. गिनीपिग मात्र सोबतीला नको.