पाणीयोजनेच्या अनुदानाचा पहिला अर्ज करताना

अर्जाचा नमुना उघडायची घाई करू नकोस. आधी एका रात्री २ ते ४ च्या दरम्यान टाकीच्या आउटलेटवरच्या मीटरपाशी जाऊन उभा राहा. गाव झोपलेलं असतं, नळ बंद असतात, आणि तरीही काटा फिरत असतो. समज, तासाला २० घनमीटर पाणी जातंय. म्हणजे २०,००० लिटर, आणि त्यातलं बहुतेक गळतीचंच. हा एक आकडा अर्जात घातलास की ‘जलवाहिनी जुनी व जीर्ण झाली आहे’ हे वाक्य लिहावंच लागत नाही. तपासणाऱ्याला गरज मोजलेली दिसली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

मग पैशांचं बघ. बऱ्याच योजनांत स्वतःचा हिस्सा भरावा लागतो, आणि पुष्कळदा आधी खर्च, मग परतावा असा क्रम असतो. कंत्राटदाराचं बिल आणि परतावा यांमधले महिने कसे काढणार, हे लेखा विभागाशी आधीच बोलून घे.

टाकीच्या जागेची मालकी, सभेचा ठराव, परवानग्या हे सगळं मुदतीआधी हातात हवं. माझा एक चांगला प्रस्ताव केवळ ठरावावर सही नव्हती म्हणून परत आला, आणि त्या वस्तीला आणखी एक उन्हाळा टँकरवर काढावा लागला. ते अजून सलतं.

आणि पंपाचं वीजबिल, क्लोरीन, दुरुस्ती यांचा खर्च पाणीपट्टीतून निघतो का, तेही मांड. अनुदान बहुधा बांधकामापुरतंच असतं.