धुकं राखाडी का येतं?

प्रश्न : पौषात पहाटे लळिंग किल्ल्यावरून काढलेल्या फोटोंत पांढरं धुकं मळकट दिसतं. कॅमेऱ्यात बिघाड असेल का? (एक वाचक, धुळे)

उत्तर : बिघाड नाही. कॅमेऱ्याचा मीटर (उजेड मोजणारा भाग) समोरचं सगळं मध्यम राखाडी धरतो. धुकं त्याहून उजळ, म्हणून फोटो काळपट येतो. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) +0.7 ते +1 ठेवा. हिस्टोग्राम (फोटोतला उजेड-अंधार दाखवणारा आलेख) उजव्या कडेला चिकटला तर थोडं कमी करा. धुक्यात दूरचं सपाट होतं, तेव्हा चौकटीत तटाचा जवळचा दगड हवाच.

आणखी एक : चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या मंदिराचं कोरीवकाम टिपताना समोरून फ्लॅश नको, सावल्या पुसल्या जातात. तिरप्या उन्हाची वाट बघा.

थंडीतून घरी परतल्यावर गार लेन्सवर घरातल्या उबदार हवेतली वाफ जमते. दाराबाहेरच कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा, अर्धा-पाऊण तासाने काढा.