जुनी विलीज जीप घरी आणलीत, आता एवढं करा

भाऊ, रंगरंगोटी नंतर. आधी ब्रेकचे होज (रबरी नळ्या) अन् व्हील सिलिंडर (चाकातले ब्रेक दाबणारे) बदला. बॅटरी घेण्याआधी वायरिंग बघा: मूळ गाडी 6 व्होल्टची, पण बऱ्याच जणांनी 12 करून टाकलेली असते.

पहिल्या गिअरला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर अलगद बसवणारी रचना) नाही. गाडी पूर्ण थांबली की मगच टाका. कोरड्या डांबरावर फोर व्हील लावू नका, ताण बसून फोर व्हीलचा दांडा अडकतो.

खरी परीक्षा वैशाखात. जळगावच्या उन्हात पेट्रोलची लाइनीतच वाफ होते. माझी भर दुपारी बंद पडली होती; इंजिनाच्या फ्युएल पंपावर ओलं फडकं गुंडाळलं, पंधरा मिनिटांत सुरू! तेव्हापासून सीटखाली फडकं अन् पाण्याचा कॅन कायम.

तोरणमाळचा घाट उतरताना दुसरा गिअर ठेवा. पावसाळ्यात काळ्या मातीच्या रानात मात्र उतरूच नका. चिखलाने टायरच्या खाचा बुजल्या की फोर व्हीलही जागेवरच फिरतं.